दुसरा अल्बम अडकलाय: १७ डेमो आहेत आणि एकही गाणं बसत नाहीये

अर्धा_बीट

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण डोक्याचा पार भुगा झालाय.

आमचा चौघांचा बँड आहे. इंडी रॉक म्हणा, दुसरं काही म्हणा. दोन गिटार, बेस, ड्रम्स, मी गातो आणि ऱ्हिदम वाजवतो. पहिला अल्बम आम्ही प्रॅक्टिसच्या खोलीतच स्वतः रेकॉर्ड केला, नऊ गाणी, आठ माइक आणि त्यातले तीन उसने. कुणालाच धड काही येत नव्हतं पण झालं, आणि आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच लोकांनी ऐकलं. मग दीड वर्ष तीच नऊ गाणी घेऊन वाजवत फिरलो.

आता दुसरा करायचाय. आठ महिने झालेत, लॅपटॉपवर १७ डेमो (गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंगं) पडलेत. बहुतेक मीच रात्री बसून केलेले, ड्रम मशीन लावून, हार्मनी वगैरे टाकून, एकात तर गिटारचे चार थर आहेत. कॉर्ड्स पहिल्यापेक्षा इंटरेस्टिंग आहेत, शब्दांवर तर कितीतरी जास्त मेहनत घेतलीये. आणि तरी चौघं मिळून वाजवायला घेतलं की गाण्यातला जीवच जातो, हेडफोनमध्ये जे भारी वाटत होतं ते खोलीत पाचव्या मिनिटाला कंटाळवाणं होतं आणि मग आम्ही गुपचूप जुनं एखादं गाणं वाजवायला लागतो, कुणी काही न बोलता.

त्यात आणखी लफडी. बेसवाला सोडून गेला (भांडण नाही, त्याला खरंच वेळ नव्हता). नवीन मुलगी आलीये, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली वाजवते, पण म्हणते की जुन्या गाण्यांत मला काय करायचं ते कळतं, नव्या गाण्यांत माझ्यासाठी जागाच नाहीये. लीड गिटारवाल्याला बाहेरचा प्रोड्यूसर हवाय, मोठा स्टुडिओ हवाय. ड्रमर म्हणतो क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवणार नाही म्हणजे नाही. आणि मी? मला वाटतंय की जे काय होतं ते सगळं आम्ही पहिल्या अल्बममध्येच संपवलं.

ज्यांनी यातून पार पडून दाखवलंय त्यांनी सांगा, गाणी टाकून द्यायची का? की हे असंच असतं आणि स्टुडिओत गेल्यावर जमतं?

जुनी_तार

१७ डेमो वाचल्यावरच कळलं घोडं कुठे पेंड खातंय. एकच विचारतो, या सतरातली किती गाणी तुम्ही लोकांसमोर वाजवलीत?

दुसऱ्या अल्बमबद्दल एक जुनं बोलणं आहे की पहिल्याला आख्खं आयुष्य मिळतं आणि दुसऱ्याला सहा महिने. सगळे तेच तेच सांगत असतात. पण तुम्हाला आठ महिने मिळालेच की, वेळ कुठे कमी पडला? माझ्या मते गोम दुसरीकडे आहे. पहिल्या अल्बमची गाणी रेकॉर्ड होण्याआधी पन्नास वेळा लोकांसमोर वाजून झालेली असतात. दुसऱ्या व्हर्सला (कडव्याला) लोक फोन बघायला लागले की पुढच्या वेळेला तो व्हर्स आपोआप निम्मा होतो, बैठक घेऊन कुणी ठरवत नाही. आठ बारचा (तालाच्या आठ आवर्तनांचा) इंट्रो चारवर येतो कारण तेवढा वेळ सगळ्यांच्या नजरा झेलत उभं राहणं गायकाला जड जातं. ड्रमरला कळतं की इथे फिल (ड्रम्सचा छोटा भराव) मारली की पुढची रांग हलते, मग ती फिल गाण्याचा भाग होऊन जाते. पहिल्या अल्बमचं अरेंजमेंट तुम्ही केलंच नव्हतं रे, ते समोरच्यांनी करून दिलं होतं. तुम्ही फक्त शेवटी माइक लावलेत.

आता हे दुसरं सगळं लॅपटॉपवर जन्मलंय, जिथे कुणी उठून जात नाही.

रेडिओहेडचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं पण लोक त्यातून भलताच धडा घेतात म्हणून पुन्हा लिहितो. पहिल्या अल्बममधलं एक गाणं जगभर गाजलं, ते वाजवून वाजवून बँडला त्याचा वीट आला, आणि १९९४ च्या सुरुवातीला ते दुसऱ्या अल्बमसाठी लंडनच्या आरएके स्टुडिओत प्रोड्यूसर जॉन लेकीबरोबर बसले. रेकॉर्ड कंपनीला आधी सिंगल (अल्बमआधी सुटं काढायचं गाणं) पाहिजे होतं. झालं, सिंगल कुठलं यातच आठवडे गेले, कुणालाच काही पटेना. शेवटी मध्येच काम थांबवून टूरवर गेले आणि नवी गाणी रोज लोकांसमोर वाजवली. परत आले तेव्हा गाणी बसलेली होती, मग मॅनर स्टुडिओत उरलेलं काम भराभर झालं. 'माय आयर्न लंग' तर मे १९९४ ला लंडनच्या अॅस्टोरियात लोकांसमोर वाजवलेलं तेच ठेवलं, फक्त गायकाचा आवाज नंतर पुन्हा घेतला. असा झाला १९९५ चा 'द बेंड्स'. लोक म्हणतात बघा, स्टुडिओत चिकाटीनं बसलं की होतं. अहो उलट आहे, स्टुडिओतून उठले तेव्हा झालं.

तुमच्या लीडवाल्याला मोठा स्टुडिओ हवाय त्याला हे वाचून दाखवा.

पेडलबोर्डवाला

सगळं बरोबर आहे पण प्रत्येक बँडला हाच मंत्र का द्यायचा? माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडचा 'लव्हलेस' हासुद्धा दुसराच अल्बम आहे (१९९१). दोन वर्षं, डझनाहून जास्त स्टुडिओ, गिटार जवळपास सगळे एकट्या केव्हिन शील्ड्सने वाजवलेले, ड्रमर आजारी होता म्हणून बऱ्याचशा गाण्यांतले ड्रम त्यानेच वाजवलेल्या तुकड्यांचे सॅम्पल जोडून बनवलेले. चार जणांनी खोलीत एकत्र वाजवून ते कधीच झालं नसतं. गिटारचे चार थर असतील तर असू दे की, ते गाणं थरांचंच असेल.

जुनी_तार

मान्य. फक्त एवढंच जोडतो की त्यानंतरचा त्यांचा पुढचा अल्बम २०१३ ला आला. अर्धा_बीट, तुमच्याकडे बावीस वर्षं असतील तर पेडलबोर्डवाला म्हणतो तसं करा :)

पेडलबोर्डवाला

हाहा, हे जरा खालच्या पट्टीतलं होतं. पण मुद्दा सोडत नाही. शील्ड्सला डोक्यात आवाज ऐकू येत होता आणि तो त्याच्या मागे गेला. अर्धा_बीट, तुला काय ऐकू येतंय ते आधी सांग. नुसतं 'पहिल्यापेक्षा चांगलं' हे काही ऐकू येणं नव्हे.

अर्धा_बीट

लोकांसमोर वाजवली का, तर दोन. १७ पैकी फक्त दोन. आणि गंमत म्हणजे तीच दोन आहेत जी प्रॅक्टिसमध्ये मरत नाहीत, हे आत्ता तुम्ही विचारलं तेव्हा लक्षात आलं, शप्पथ.

बाकीची वाजवली नाहीत कारण (हसू नका) 'आधी रेकॉर्ड करू मग सरप्राइज देऊ' असं ठरलं होतं. शिवाय लोक जुनी गाणी मागतात, नवीन लावलं की अर्धी गर्दी बाहेर जाते, मग नको वाटतं.

पेडलबोर्डवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये माझ्याकडे. खरंच नाहीये. डेमो ऐकले की डेमोच ऐकू येतात.

कंट्रोलरूम

मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसतो, म्हणजे काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिंग करणारा. तुझं शेवटचं वाक्य, 'डेमो ऐकले की डेमोच ऐकू येतात', हा आजार आहे आणि तो मी दर दोन महिन्यांनी बघतो. एकच गोष्ट दोनशे वेळा ऐकली की कान ती चूक धरूनच बरोबर मानतो. ड्रम मशीनची ती टिकटिक हायहॅट, रात्री कुजबुजत गायलेला आवाज, रिव्हर्ब किती, सगळं. मग खऱ्या ड्रमरनं वाजवलं की 'काहीतरी कमी आहे' वाटतं. कमी काहीही नसतं, फक्त वेगळं असतं. उपाय एकच, डेमोच्या फायली कुणा बाहेरच्याकडे ठेवायला द्या आणि महिनाभर मागू नका. गाणं आठवतंय तेवढंच वाजवा. जे आठवत नाही ते तसंही नको होतं.

पण त्याच्या आधी एक तपासा, मी पैज लावतो हे असणार. डेमो रात्री बसून केलेत म्हणतोस, म्हणजे हळू आवाजात, शेजारपाजारचे उठू नयेत म्हणून. अशा वेळी माणूस आपोआप खालच्या पट्टीत गाणं करतो. हेडफोनमध्ये ते जवळचं, हळवं, मस्त वाटतं. मग खोलीत ड्रम आणि दोन अँप (गिटारचे अँप्लिफायर) चालू झाले की त्या पट्टीत आवाज पोचतच नाही, गायक जोर लावतो पण खालच्या सुरांवर जोर लागत नाही, आणि सगळे म्हणतात गाणं मेलं. गाणं मेलेलं नसतं, पट्टी चुकलेली असते. सरळ एक टोन वर घ्या, नाहीतर दोन. पहिल्या अल्बममधल्या गाण्यांत तुझा सगळ्यात वरचा सूर कुठला होता आणि नव्यात कुठला आहे ते एका कागदावर लिहून काढ. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं, चार थर. दोन गिटारवाले एकाच सप्तकात, एकाच तऱ्हेच्या डिस्टॉर्शननं वाजवत असले की मधल्या फ्रीक्वेन्सीत चिखल होतो, आणि मग बेसला जागा मिळत नाही. तुमची नवीन बेसवाली बिचारी बरोबर तेच सांगतेय, ऐका तिचं! डेमोत बेस कुणी वाजवला होता? तूच ना, आणि तोही शेवटी, गिटारच्या मूळ सुरावर नुसतं टुकटुक करून? म्हणजे तिला तयार साच्यात बसवताय. एक गिटार पूर्ण बंद ठेवून गाणं वाजवून बघा. बहुतेक गाण्यांना दुसरी गिटार फक्त कोरसला (धृपदाला) लागते.

क्लिकबद्दल. ड्रमर अगदीच चूक नाहीये. तुमच्या एखाद्या चांगल्या गिगचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग काढा आणि बोटानं टॅप करून टेम्पो मोजा. व्हर्स १३२ बीपीएमला (मिनिटाला १३२ ठोके) असेल तर कोरस १३५-१३६ ला गेलेला दिसेल, आणि तिथेच मजा येत असेल. सरळ १३२ चा क्लिक लावला की तो कोरस बसका वाटतो आणि कुणालाच कारण कळत नाही. क्लिक लावायचाच असेल तर टेम्पो मॅप करा, कोरसला दोन-तीन बीपीएम वर, ब्रिजला परत खाली. नाहीतर क्लिक फक्त सुरुवातीच्या चार ठोक्यांपुरता द्या आणि बंद करा. मात्र नंतर एका टेकचा (एका दमात घेतलेल्या रेकॉर्डिंगचा) व्हर्स दुसऱ्या टेकला जोडायचा असेल किंवा प्रोग्रॅम केलेलं काही खाली टाकायचं असेल तर क्लिक नसल्याचा त्रास होतो, तो त्रास आत्ताच कबूल करून घ्या म्हणजे नंतर एडिटिंगला माझ्यासारख्याच्या नावानं बोटं मोडणार नाही.

आणि हो, डेमो डिलीट करू नका. निर्वाणानं त्यांच्या दुसऱ्या अल्बमची, नेव्हरमाइंडची, काही गाणी आधी एप्रिल १९९० ला मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत प्रोड्यूसर बुच विगकडे केली होती, मग ड्रमर बदलला, वर्षभरानं लॉस एंजेलिसच्या साउंड सिटीत सगळं पुन्हा घेतलं. पण 'पॉली' मात्र त्या जुन्या सेशनचंच ठेवलं, कारण ते तिथे झालेलंच होतं. तुमच्या सतरातही एखादं असं असेल जे रात्रीचंच राहू द्यायला हवं. एखादं. सतरा नाही.

खोलीतला_हत्ती

१७ गाणी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. सात ठेवा. पहिल्यातही नऊच होती ना?

चौथी_स्ट्रिंग

मी एका बँडमध्ये बेस वाजवायचे. दुसरा अल्बम निघाला आणि तीन महिन्यांत बँड संपला, म्हणून थोडं वेगळं लिहिते.

आमचा पहिला अल्बम सगळ्यांचा होता. गायकानं दोन ओळी आणायच्या, कुणी रिफ टाकायचा, तासभर गोंधळ घालायचा आणि गाणं तयार. श्रेय वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी गायक पूर्ण तयार डेमो घेऊन यायला लागला, अगदी असेच, ड्रम मशीन लावून, बेससकट. सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं, की चला काम कमी. पण हळूहळू आम्ही त्याच्या गाण्यांचे नोकर झालो. ड्रमर म्हणायचा, मशीननं वाजवलंय तेच मी वाजवायचं तर मला कशाला बोलावता. आणि अल्बम नोंदवायची वेळ आली तेव्हा सगळी गाणी एकट्याच्या नावावर लागणार असं कळलं, ते तसं बरोबरही होतं म्हणा, त्यानंच केली होती. पण एका गाण्याचा आख्खा पाया माझ्या बेसलाइनवर उभा होता आणि ते लिहून ठेवलेलं कुठेच नव्हतं. कुणी फसवलं नाही हो, कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी, नंतर नाही, आधी, एक संध्याकाळ बसा आणि प्रत्येक गाण्यासमोर लिहा कुणाचा किती वाटा. गाण्याचे हक्क वेगळे (शब्द आणि चाल) आणि रेकॉर्डिंगचे हक्क वेगळे, या दोन गोष्टी लोक एकच समजतात आणि तिथेच गाडं अडतं. आर.ई.एम.ने गाणी चौघांच्या नावावर लावायची असं ठेवलं होतं, कुणी काय केलं याचा हिशोबच नाही. तो एक मार्ग झाला. टक्के पाडणं हा दुसरा. कुठलाही घ्या पण कागदावर घ्या आणि चौघांच्या सह्या करा. नवीन मुलगी नुकतीच आलीये म्हणून तिला बाहेर ठेवलंत तर ती पाहुण्यासारखीच वाजवेल, मग म्हणू नका तिला जागा सापडत नाही.

आणि अर्धा_बीट, एक खोचक प्रश्न. नव्या गाण्यांत किती गाणी प्रवास, रिकाम्या खोल्या आणि गर्दीत एकटं वाटणं यावर आहेत?

अर्धा_बीट

...सहा.

चौथी_स्ट्रिंग

वाटलंच :) आमच्या गायकाची पाच होती. दीड वर्ष दुसरं काही बघितलंच नाही तर दुसरं येणार कुठून. ते काही पाप नाही, पण सहातलं एक ठेव. उरलेल्या पाचांच्या चाली चांगल्या असतील तर शब्द फेकून चाली ठेव.

लिमिटर_बंद

प्रोड्यूसरवर कुणी बोललं नाही म्हणून. द स्ट्रोक्सनी दुसऱ्या अल्बमसाठी (रूम ऑन फायर, २००३) नायजेल गॉड्रिचबरोबर सुरुवात केली होती, म्हणजे त्या काळात त्याच्यापेक्षा मोठं नाव काढणं अवघड. जमलं नाही. सोडून दिलं आणि परत पहिल्या अल्बमवाल्या गॉर्डन राफाएलकडे गेले. गॉड्रिच वाईट होता असं नाही, त्यांची कामाची पद्धत जुळली नाही. म्हणून बाहेरचा माणूस आणायचा तर आख्ख्या अल्बमसाठी आधीच बांधून घेऊ नका. एक गाणं करून बघा, दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत तो काय काय काढून टाकायला सांगतो ते बघा. तो फक्त भर घालत असेल तर नको.

माझं मत विचाराल तर तुमच्या लीडवाल्याला प्रोड्यूसर नकोय, त्याला तुमच्या आणि ड्रमरच्या मध्ये उभा राहणारा कुणीतरी पाहिजे. तेही काम आहेच प्रोड्यूसरचं. पण त्यासाठी मोठं नाव लागत नाही, ज्याचं चौघंही ऐकतील असा एक माणूस लागतो. ओळखीतला साउंडवाला असतो बघा, ज्यानं तुमचे तीस गिग केलेत आणि ज्याला तुमची गाणी कुठे पडतात ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याला विचारलंत का कधी?

जाता जाता अजून एक. मास्टरिंगला (मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्यात) आवाज वर चढवायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय वगैरे साधारण -१४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आसपास आणून सगळ्यांना एका पातळीवर वाजवतात, तुम्ही चेपून चेपून -७ ला नेलंत तर ते फक्त खाली ओढतील आणि वर ड्रमचा ठोसा गेला तो गेलाच. विनाइल (तबकडी) काढणार असाल तर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास थांबा, त्याहून लांब गेलं की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. सगळ्यात झणझणीत गाणं बाजूच्या शेवटी टाकू नका, आतल्या खाचांमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सी फाटतात. आता तुम्ही म्हणाल गाणी नाहीत आणि हा विनाइल काढायला निघाला. बरोबर आहे तुमचं.

पेडलबोर्डवाला

मी एक पाऊल मागे घेतो. स्लिंट बँडचा 'स्पायडरलँड' काल पुन्हा ऐकला, तोही दुसराच. ऑगस्ट १९९० ला चार दिवसांत रेकॉर्ड केलेला. इतकं विचित्र, इतकं मोजून मापून रचलेलं संगीत, आणि चार दिवस! कारण त्याआधी त्यांनी महिनोन्महिने तेच वाजवून वाजवून बसवलं होतं. म्हणजे थर, बारकावे, वेगळेपणा हवा असेल तरी आधी गाणं हातात बसलेलं पाहिजे, एवढं मान्य. (ते १९९१ ला बाहेर येईपर्यंत बँड फुटला होता, हे मात्र चौथी_स्ट्रिंगच्या बाजूनं जातं.)

अर्धा_बीट

सात आठवड्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफ करा. काय काय केलं ते सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

डेमोची हार्डडिस्क ड्रमरच्या बहिणीकडे दिली. तिनं ती खरंच दिली नाही, मी दोनदा मागितली. मग १७ पैकी जी चौघांनाही न ऐकता वाजवता आली तेवढीच घेतली, ती निघाली नऊ. चार गिग केले, सेटमध्ये नव्या-जुन्या गाण्यांची सरमिसळ, न सांगता. सरप्राइजचं भूत उतरलं. पहिल्या गिगला लोक बाहेर गेले, अगदी जसे जातात तसे गेले, आणि विशेष काही झालं नाही, दोन गाण्यांनंतर परत आले.

एका गाण्याचा दुसरा व्हर्स मी चारही वेळा विसरलो. चारही वेळा! तिसऱ्या गिगनंतर बेसवाली म्हणाली की तुला आठवत नाही म्हणजे तो व्हर्स तुलाच पटलेला नाही, आणि चौथ्यांदा विसरलो तेव्हा तिनं त्या जागी बेस एकटाच आठ बार वाजवला. आता तिथे व्हर्स नाही, तेच आठ बार आहेत, आणि वाटणीच्या कागदावर तिचं नाव त्या गाण्यासमोर आहे. हो, कागद केला. अडीच तास लागले आणि मध्ये एकदा ड्रमर उठून बाहेर जाऊन आला, पण केला. चौथी_स्ट्रिंग, तुमचे खास आभार, आम्हाला वाटलं होतं आमच्यात असले विषय नाहीतच.

नवातली दोन गाणी मात्र लोकांसमोर अजिबात उभी राहिली नाहीत. त्यातलं एक चार थरांचं, माझं सगळ्यात लाडकं. एका गिटारवर वाजवून बघितलं, दोनवर बघितलं, नाही. पेडलबोर्डवाला, ते मी तसंच ठेवलंय, रात्रीचा डेमोच, अल्बमच्या शेवटी टाकायचं का ते ठरायचंय. लीडवाला नाही म्हणतो.

प्रोड्यूसर नाही घेतला. साउंडवाल्या दादाला विचारलं, तो एका संध्याकाळी प्रॅक्टिसला येऊन बसला, दीड तास काही बोलला नाही आणि मग म्हणाला, तुम्ही सगळे इंट्रो संपायची वाट बघत असता, मग तो वाजवता कशाला. पाच गाण्यांचे इंट्रो गेले. रेकॉर्डिंगच्या पाचही दिवस तो बसणार आहे. ड्रम, बेस आणि माझी गिटार एकत्र लाइव्ह, अँप बाजूच्या खोलीत, लीड आणि आवाज नंतर. क्लिक फक्त सुरुवातीच्या चार ठोक्यांपुरता, ड्रमर एवढा खूश की घरी स्वतःहून मेट्रोनोम लावून सराव करतोय, काय म्हणावं.

आता कंट्रोलरूमसाठी प्रश्न. पट्टीचं तुमचं शंभर टक्के खरं निघालं, जुन्या गाण्यांपेक्षा सगळी नवी गाणी दीड-दोन टोन खाली होती. वर घेतली आणि जिवंत झाली. पण दोन गाण्यांत सगळ्यात वरच्या सुराला माझा आवाज फाटतो. लाइव्हमध्ये भारी वाटतं, पण स्टुडिओत दिवसभर पाच-सहा टेक देऊन टिकेल असं वाटत नाही. ड्रमर म्हणतो फाटू दे. लीडवाला म्हणतो दोन्ही गिटार आणि बेस अर्धा टोन खाली ट्यून करू, हाताची जागा तीच राहते. हे करावं का?

कंट्रोलरूम

करा, फक्त रेकॉर्डिंगच्या सकाळी नका करू. अर्धा टोन खाली आणलं की तारा सैल पडतात, जोरात मारलं की सूर वर जाऊन मग खाली येतो आणि प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर लागते, लाइव्हमध्ये खपतं, माइकसमोर नाही. एक गेज जाड तारा लावा, त्यानंतर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) सेट करून घ्या, आणि निदान आठवडाभर त्याच गिटारवर वाजवा म्हणजे तारा बसतील. बेसचंही तसंच, तिला आजच सांगा. सगळीच गाणी खाली आणायची गरज नाही, ती दोनच आणा आणि दोन्ही एकाच दिवशी ठेवा, नाहीतर निम्मा वेळ ट्यूनिंगमध्ये जाईल.

आवाजाचं, फाटणारी ओळ दिवसाच्या शेवटी ठेवू नकोस, पण अगदी सुरुवातीलाही नको. आधी दोन सोपी गाणी गाऊन घे, गळा तापला की लगेच ती, तीन टेक, बस. चौथा मागितला तर देऊ नकोस. तीनही टेक ठेवा, अर्धा टोन खालीसुद्धा एखाद्यात फाटलेला असेलच, मग तो ठेवायचा की नाही ते मिक्सच्या वेळी ठरवा, ड्रमर खोलीत नसताना.

खोलीतला_हत्ती

म्हणजे शेवटी सातच राहिली ना.

अर्धा_बीट

आठ, जर लीडवाला ऐकला तर.